मायटोकाँड्रियाचा स्नायुविकार : औषध विचारण्याआधी दोष कुठल्या जनुकांत आहे ते विचारा

ऐरोलीहून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा असून महाप्याला नोकरी करतो. सहा-सात वर्षांपासून त्याच्या दोन्ही पापण्या खाली उतरत आल्या आहेत आणि आता ठाणे स्थानकाचा पूल चढताना त्याला मध्येच कठड्याला धरून थांबावे लागते. मांडीच्या स्नायूची बायॉप्सी झाली. तिच्या अहवालात ‘रॅगेड रेड फायबर्स’ आढळल्याची नोंद असून निदान ‘मायटोकाँड्रियल मायोपॅथी’ असे आहे. रक्तावर केलेली जनुकीय तपासणी मात्र ‘निगेटिव्ह’ आली. आईंना मधुमेह आहे आणि गेली काही वर्षे त्यांना ऐकूही कमी येते. एका डॉक्टरांनी यावर उपाय नाही असे सांगितले, दुसऱ्यांनी दरमहा काही हजारांच्या गोळ्या लिहून दिल्या. संशोधन कुठवर आले आहे आणि भावाला कोणते नवे औषध मिळू शकेल, असे ताई विचारतात. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे : “माझे लग्न ठरत आहे. तपासणी निगेटिव्ह आहे म्हणजे हा आजार आनुवंशिक नाही, असे धरून चालू ना?”

ताई, मी स्नायू आणि मज्जातंतूंच्या आजारांची डॉक्टर आहे. एकोणीस वर्षे ठाण्यात असे रुग्ण पाहते आहे. आपल्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण भावाच्या औषधाचे उत्तरही तिच्यातच दडलेले आहे. असे धरून चालू नका. आपण जो अहवाल वाचला आहे, त्याने हा प्रश्न बहुधा तपासलेलाच नाही.

मी आपल्या भावाला पाहिलेले नाही आणि त्याच्या बायॉप्सीच्या काचाही माझ्यासमोर नाहीत. उतरलेल्या पापण्या मायस्थेनियातही, म्हणजे मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत नीट न पोहोचण्याच्या आजारातही दिसतात, काही वेगळ्या स्नायुविकारांतही दिसतात. उतारवयातल्या निरोगी माणसाच्या स्नायूतही एखाददुसरा रॅगेड रेड तंतू सापडतो. चौतिसाव्या वर्षी मात्र ते तंतू सहज दिसावेत असे नसते, आणि आईंचा मधुमेह व कमी ऐकू येणे या दोन गोष्टी त्यांच्या शेजारी ठेवल्या की चित्र बरेच स्पष्ट होते. पुढचे सगळे मी एवढ्या आधारावर लिहीत आहे.

आपल्या पेशींत जनुकांचे दोन संच असतात. मोठा संच केंद्रकात असतो आणि तो आईवडील दोघांकडून येतो. दुसरा अगदी छोटा संच मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, पाठ्यपुस्तकातल्या तंतुकणिकांत असतो, आणि तो फक्त आईच्या स्त्रीबीजातून येतो. १९८१ साली केंब्रिजमधल्या शास्त्रज्ञांनी या छोट्या संचाचा संपूर्ण क्रम वाचला. त्यात १६,५६९ अक्षरे आणि अवघी ३७ जनुके आहेत. त्यांपैकी १३ जनुके प्रथिनांची, आणि उरलेली ती प्रथिने बनवण्याच्या यंत्रणेची. मायटोकाँड्रियाला लागणारी बाकीची हजारभर प्रथिने केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि आत पोहोचवली जातात. म्हणून एकच आजार, एकच बायॉप्सी, एकच उतरलेली पापणी असली तरी दोष या संचातला असू शकतो किंवा त्या संचातला.

हे कळायला बराच काळ गेला. १९६२ साली स्वीडनमध्ये रोल्फ लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी एका स्त्रीचे वर्णन केले. तिचे शरीर सतत तापलेले असे आणि तिची ऊर्जा वाया जात असे, पण थायरॉइड निर्दोष होते. दोष मायटोकाँड्रियात आहे असे दाखवून दिलेला तो पहिला रुग्ण. जनुकीय पुरावा मिळायला मात्र १९८८ साल उजाडले. त्या वर्षी लंडनमध्ये होल्ट, हार्डिंग आणि मॉर्गन-ह्यूज यांना स्नायुविकाराच्या रुग्णांच्या मायटोकाँड्रियातील डीएनएचे मोठे तुकडेच गळालेले आढळले, आणि अमेरिकेत डग्लस वॉलेस यांच्या गटाने आईकडून येणाऱ्या एका दृष्टिविकारामागचे एका अक्षराचे चुकणे शोधले. दोनच वर्षांत ३२४३ क्रमांकाच्या अक्षरातला बदल सापडला. १९९२ मध्ये हाच बदल आईकडून येणारा मधुमेह आणि बहिरेपण असलेल्या कुटुंबांतही असल्याचे दिसले. आपल्या आईंविषयी वाचताना माझ्या मनात सर्वप्रथम आला तो हाच क्रमांक.

आता आपला निगेटिव्ह अहवाल. कृपया त्याचे शेवटचे पान काढा. ‘चाचणीच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली बारीक अक्षरांत मजकूर असतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा अहवालांत बहुतेक वेळा तिथे लिहिलेले असते की मायटोकाँड्रियातील डीएनए या चाचणीत तपासलेला नाही. एक्झोम नावाची ही तपासणी मुख्यतः केंद्रकातली जनुके वाचते. रुग्ण पहिल्या पानावरचा ‘निगेटिव्ह’ हा शब्द घेऊन घरी जातात आणि शेवटचे पान कोणी उलटत नाही. हे सांगण्याची जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे, आणि ती नेहमी पार पडतेच असे नाही, याचे मला वाईट वाटते.

समजा प्रयोगशाळेने मायटोकाँड्रियातला डीएनएही तपासला असेल, तरी तो रक्तातून घेतला हा प्रश्न उरतोच. प्रत्येक पेशीत या छोट्या संचाच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. त्यांतल्या काही सदोष आणि काही निर्दोष असू शकतात. सदोष प्रतींचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, तरच पेशीची ऊर्जा अपुरी पडते. ही मर्यादा अनेक बदलांसाठी साधारण ६० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असते. शिवाय हे प्रमाण प्रत्येक अवयवात वेगळे असते. रक्तपेशी सतत नव्या बनत असल्यामुळे ३२४३ सारखा बदल वयाबरोबर रक्तातून ओसरत जातो, तर स्नायूत तो ठाण मांडून राहतो. शितावरून भाताची परीक्षा इथे करता येत नाही, कारण रक्त आणि स्नायू हा एका पातेल्यातला भात नाही. या बदलासाठी प्रौढांमध्ये सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना रक्तापेक्षा पुष्कळ भरवशाचा ठरतो, कारण लघवीबरोबर येणाऱ्या मूत्रमार्गाच्या पेशींत तो टिकून असतो. सुई नाही, शस्त्रक्रिया नाही, आणि तरीही ही चाचणी वारंवार विसरली जाते.

बायॉप्सीविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण ते चित्र एकदा डोळ्यांसमोर आले की बाकीचे समजायला सोपे जाते. गोमोरी पद्धतीने रंगवलेल्या काचेवर निरोगी स्नायुतंतू निळसर हिरव्या रंगाचे आणि एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. त्यांच्यात मधूनच एखाद्या तंतूची कड लाल, भरड आणि उसवल्यासारखी दिसते. ऊर्जा कमी पडते आहे हे ओळखून तो तंतू आणखी, आणखी मायटोकाँड्रिया बनवत राहतो, पण नव्यांतही दोष तोच असतो. त्यांचा ढीग पेशीच्या कडेला साचतो आणि तो लाल रंग पकडतो. त्याच स्नायूचा दुसरा काप दोन एन्झाइमांच्या रंगांनी रंगवतात. पहिले एन्झाइम तपकिरी रंग देते आणि त्याचे काही भाग मायटोकाँड्रियाच्या स्वतःच्या जनुकांवरून बनतात. दुसरे निळा रंग देते आणि ते पूर्णपणे केंद्रकाच्या जनुकांवरून बनते. छोट्या संचाचे काम बिघडले की तपकिरी रंग जातो आणि निळा उरतो. तपकिरी तंतूंच्या गर्दीत ते निळे तंतू उठून दिसतात. मी पहिल्यांदा अशी काच पाहिली तेव्हा सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढवत नव्हता. मात्र त्या काचेवरून दोष छोट्या संचाच्या कामात आहे एवढेच कळते. तो तिथेच जन्मला की तो संच सांभाळणाऱ्या केंद्रकाच्या जनुकांनी तो घडवला, हे तिच्यावरून कळत नाही.

इथे एक व्यावहारिक गोष्ट. हे रंग ताज्या, गोठवलेल्या स्नायूवरच उठतात. काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाचा तुकडा एका रुग्णालयात सवयीने फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला गेला. एन्झाइम मेली, डीएनएचे तुकडे झाले आणि त्या माणसाला दुसऱ्यांदा मांडी कापून घ्यावी लागली. तेव्हापासून बायॉप्सीच्या दिवशी मी स्वतः विचारून खात्री करते : सलाइनने जेमतेम ओलावलेले गॉज, कोरडी डबी, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, आणि मुलुंडच्या नाक्यावर गर्दी होण्याआधी निघालेला माणूस. आपल्या भावाच्या अहवालात एन्झाइमांच्या रंगांची नोंद असेल, तर त्याचा स्नायू गोठवलेला होता हे नक्की, आणि उरलेला तुकडा त्या प्रयोगशाळेत उणे ८० अंशांवर जपलेला असण्याची चांगली शक्यता आहे. तो मागून घ्या. नव्याने बायॉप्सी करण्याची गरज बहुधा पडणार नाही.

मी आपल्या जागी असते तर पुढचा क्रम असा ठेवला असता. आधी भाऊ आणि आई या दोघांच्या लघवीत ३२४३ चा शोध. तो सापडला नाही, तर जपलेल्या स्नायूतून मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा संपूर्ण क्रम, आणि त्यातले तुकडे गळाले आहेत का याची स्वतंत्र तपासणी. सगळीकडे एकच एक तुकडा गळालेला दिसला, तर तो दोष बहुतेक वेळा त्या व्यक्तीतच प्रथम उपजलेला असतो आणि भावंडांना त्याचा धोका फारसा नसतो. वेगवेगळ्या लांबीचे अनेक तुकडे गळालेले दिसले, तर दोष हा संच दुरुस्त ठेवणाऱ्या केंद्रकातल्या जनुकांत, उदाहरणार्थ पीओएलजी किंवा ट्विंकल या जनुकांत, शोधावा लागतो. त्या वेळी जुना एक्झोम पुन्हा नव्या नजरेने वाचून घ्यायचा असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, उपाय तर सारखाच ना, असे मला अनेकदा विचारले जाते. उपाय सारखा नाही, आणि गेल्या दहा वर्षांतल्या संशोधनाने नेमके हेच दाखवले आहे. एलामिप्रेटाइड नावाचे औषध मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यातल्या कार्डिओलिपिन या स्निग्ध घटकाला जाऊन चिकटते. निरनिराळी कारणे असलेल्या दोनशेहून अधिक स्नायुविकारग्रस्तांना एकत्र घेऊन त्याची मोठी चाचणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सहा मिनिटांत चालण्याचे अंतर आणि थकवा, या दोन्ही मुख्य कसोट्यांवर ते उतरले नाही. केंद्रकातल्या जनुकांचा दोष असलेल्या उपगटात मात्र सुधारणेची चिन्हे दिसली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हेच औषध बार्थ सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी त्वरित मान्यतेच्या मार्गाने मंजूर केले. बार्थमध्ये मूळ दोषच कार्डिओलिपिन घडवणाऱ्या जनुकात असतो.

टीके-टू या जनुकाचा आजार हे दुसरे उदाहरण. मायटोकाँड्रियाचा डीएनए बांधायला लागणाऱ्या चारपैकी दोन विटा या जनुकाच्या एन्झाइमशिवाय तयार होत नाहीत, म्हणून डीएनएच कमी पडतो. बाळांमध्ये हा आजार काही वर्षांतच श्वासाचे स्नायू निकामी करत असे. त्या दोन विटांचा कच्चा माल तोंडावाटे देण्याची कल्पना आधी उंदरांत आणि मग मुलांत उतरली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्या भावाचा दोष ३२४३ चा असेल, तर या औषधाचा त्याला काहीही उपयोग नाही. टीके-टूचा असेल, तर त्याच्या उपचाराची सगळी चर्चाच बदलते. प्रौढांतही टीके-टूचा आजार उतरलेल्या पापण्या आणि दमछाक घेऊनच येतो.

याहून साधी, स्वस्त उदाहरणेही आहेत. एका तरुणीची मान आणि मांड्या इतक्या दुबळ्या झाल्या होत्या की घरचे तिला उचलून रिक्षातून माझ्याकडे घेऊन आले. निदान मायटोकाँड्रियाचे म्हणूनच झाले होते. काचेवर मात्र चरबीचे थेंब भरलेले दिसले, आणि पुढच्या तपासणीत ईटीएफडीएच या जनुकातला दोष निघाला. त्याचे औषध म्हणजे रायबोफ्लेविन, साधे ब-२ जीवनसत्त्व. काही महिन्यांनी ती जिना चढून आली. कोएन्झाइम क्यू-टेनचेही तसेच आहे. ते बनवणाऱ्या जनुकांतच दोष असेल, तर ते लवकर आणि पुरेशा मात्रेत दिल्याने मोठा फरक पडतो. इतर मायटोकाँड्रियल आजारांत मात्र अशा मिश्र गोळ्यांनी निश्चित फायदा होतो, असा भक्कम पुरावा आजवर मिळालेला नाही. आपल्याला लिहून दिलेल्या महागड्या गोळ्या बहुधा याच जातीच्या असाव्यात. कारण शोधताना तीन-चार महिने त्या देऊन पाहायला माझी हरकत नसते. पण त्यांच्या पैशांपायी तपासणी लांबणीवर पडत असेल, तर आधी तपासणी करा.

जनुक दुरुस्तीविषयीही आपण वाचले असेल. वर्तमानपत्रांत येणाऱ्या क्रिस्पर तंत्राची अडचण अशी आहे की त्याला वाट दाखवणारा आरएनए मायटोकाँड्रियाच्या आत नीट शिरत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी निव्वळ प्रथिनांनी बनलेली हत्यारे तयार केली. काही सदोष प्रती कापून टाकतात, आणि २०२० मध्ये जाहीर झालेले एक एकेका अक्षरात बदल करते. हे काम मला मनापासून आशादायक वाटते. पण शरीरभरच्या स्नायूंपर्यंत ते पोहोचवण्याचा मार्ग अजून सापडायचा आहे, आणि त्यावर आज भावाचा कोणताही निर्णय बेतू नये.

आज हाताशी काय आहे? व्यायाम, आणि तो मी आग्रहाने सांगते. पूर्वी आम्हीच रुग्णांना विश्रांती घ्यायला सांगत असू. पण डेन्मार्कमध्ये १२ आठवड्यांच्या सायकल-व्यायामानंतर अशा रुग्णांची क्षमता वाढली आणि सदोष डीएनएचे प्रमाण वाढले नाही, असे २००६ मध्ये दिसले. हृदय तपासून झाल्यावर भावाला तलावपाळीला सपाट वाटेवर एक फेरी मारू द्या, बोलता येईल इतक्याच वेगाने. दर आठवड्याला काही मिनिटे वाढवा, आणि ताप किंवा उपवास असेल त्या दिवशी नको. पापण्या बाहुलीवर येत असतील, तर चष्म्याला आधाराची तार लावता येते. शस्त्रक्रियाही होते, पण डोळे पूर्ण मिटतात की नाही हे पाहणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडेच ती करावी. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना निदान सांगावे.

काही औषधांविषयी सावध राहावे लागते. फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट पीओएलजीच्या दोषात यकृत निकामी करू शकते, म्हणून कारण कळेपर्यंत ते टाळावे. अमिनोग्लायकोसाइड गटातली प्रतिजैविके, लिनेझोलिड आणि स्टॅटिन यांचा निर्णय निदान माहीत असलेल्या डॉक्टरांनीच घ्यावा. आईंना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर ते परस्पर बंद करू नका. पण तपासणीत ३२४३ निघाला, तर लॅक्टिक आम्ल वाढण्याच्या शक्यतेमुळे त्यांच्या डॉक्टरांना पर्यायाविषयी विचारा. कानाच्या यंत्राने भागले नाही, तर अशा रुग्णांत कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचे यंत्र, चांगले चालते.

आता आपल्याविषयी. आईंमध्ये ३२४३ किंवा तसाच आईकडून येणारा दुसरा बदल सापडला, तर भावाच्या मुलांना तो जाणार नाही, कारण पुरुषाकडून हा संच पुढे जात नाही. आपल्याला मात्र तो आईकडून मिळाला असण्याची शक्यता आहे, आणि आपल्या मुलांना तो मिळू शकतो. दोष पीओएलजीसारख्या जनुकात निघाला, तर हे सगळे गणित बदलते. भावाची मुलेही धोक्याच्या कक्षेत येतात, आणि प्रभावी प्रकारात, म्हणजे एकाच पालकाकडून आलेली सदोष प्रत आजाराला पुरते तेव्हा, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते. मायटोकाँड्रियाच्या दोषात किती प्रमाण उतरेल हे आधी सांगता येत नाही. पोत्यातून काढलेल्या एका मुठीत किती खडे येतील ते जसे पोते पाहून सांगता येत नाही, तसे एका स्त्रीबीजात या प्रतींचे नेमके काय वाटप होईल ते आईचे प्रमाण पाहून सांगता येत नाही. म्हणून एकाच आईची दोन भावंडे एवढी वेगळी असू शकतात. आपल्याला आज काही त्रास नाही ही चांगली गोष्ट आहे, पण त्यावरून आपण वाहक नाही असे ठरत नाही.

वाहक असलात, तरी मार्ग आहेत. प्रयोगशाळेत फलित केलेल्या भ्रूणांतून कमी प्रमाण असलेला भ्रूण निवडता येतो, गर्भावस्थेत तपासणी करता येते, दात्या स्त्रीचे बीज घेता येते. ब्रिटनमध्ये २०१५ मध्ये कायदा करून दात्या स्त्रीच्या निरोगी मायटोकाँड्रियांचा वापर करण्यास परवानगी दिली गेली. त्या पद्धतीने जन्मलेल्या आठ बाळांची माहिती न्यूकॅसलच्या गटाने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केली. काही बाळांत सदोष प्रती अल्प प्रमाणात सापडल्या, तरी आठही बाळांची वाढ तेव्हा नीट होत होती. तिथेही प्रत्येक प्रकरणाला नियामकाची वेगळी परवानगी लागते, त्यामुळे आज आपल्या नियोजनात मी ती धरणार नाही.

लग्नाआधी समोरच्या घरी काय सांगावे, हे मी ठरवू शकत नाही. अपुऱ्या अहवालावरून ‘काही नाही’ असेही सांगू नका आणि ‘आमच्याकडे आजार आहे’ असेही सांगू नका, एवढे नक्की म्हणेन. लघवीच्या चाचणीचा निकाल येऊ द्या, आनुवंशिकता समुपदेशकाशी एकदा दोघांनी मिळून बोला. परळचे केईएम रुग्णालय २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातले उत्कृष्टता केंद्र आहे आणि ते आपल्यापासून फार लांब नाही. स्नायूच्या नमुन्याबाबत अडले, तर बेंगळूरुची निम्हान्स किंवा हैदराबादची सीसीएमबी या संस्थांचा या विषयातला अनुभव दीर्घ आहे.

आईंना हे सांगताना जपा. माझ्या खोलीत एक आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत बराच वेळ गप्प बसल्या होत्या, आणि मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्यामुळेच का?” मी त्यांना सांगितले की त्यांना हा संच त्यांच्या आईकडून मिळाला, तिला तिच्या आईकडून, आणि यात कोणीही काही केलेले नाही. आपल्या आईंनाही हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या आणि त्यांचा नमुना त्यांच्या संमतीनेच घ्या.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी, याच आठवड्यात करा. भावाचा ईसीजी काढा, आणि जमले तर इको व साखरेची तपासणीही. हृदयातल्या विद्युतप्रवाहाचा अडथळा या आजाराच्या काही प्रकारांत कोणतीही सूचना न देता येतो आणि वेळेत कळला तर पेसमेकरने तो सांभाळता येतो. त्यासाठी जनुकाचे नाव कळण्याची वाट पाहायची गरज नाही.